कादंबरीची टिपणे : लेखकाचे कोणते आणि आपले कोणते?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन महिन्यांपूर्वी आपले चिटणीस माझ्या घरी आले आणि ‘विद्यार्थ्यांना अभ्यासासंबंधी चार शब्द सांगा’ अशी त्यांनी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि ३८ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुले शिकविली, एवढीच माझी विद्या. आज माझ्यासमोर पदवीधर बसले आहेत, अभियंते बसले आहेत, डॉक्टर होऊ घातलेल्या मुली बसल्या आहेत. त्यांना मजसारख्याने काय सांगावे? परंतु गेल्या वर्षी माझ्या घरात एक प्रसंग घडला. तो माझ्या कमीपणाचा आहे. आपला कमीपणा वडीलधाऱ्या माणसाने आपल्या तोंडाने सांगितला, तर तरुणांना त्याचा काही उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून आज उभा राहण्याचे धाडस केले.

माझी नात, थोरल्या मुलाची मुलगी, पुण्यास मराठी विषय घेऊन एम. ए. करीत आहे. गेल्या वर्षी तिला एका कादंबरीवर निबंधिका लिहावयाची होती, आणि तिने व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ निवडली. हे ऐकून मला किती आनंद झाला, तो सांगता येत नाही. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी माझ्या आयुष्यातील सोबती आहे. एक तरुण मास्तर माणदेशातील एका लहानशा धनगरवाडीवर एकशिक्षकी शाळा चालविण्यास जातो आणि तेथील हकीकत स्वतःच सांगतो. पुस्तक आकाराने लहान आहे, पण त्यात एक सबंध गाव मावले आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते वाचले असेल. काहींनी अमोल पालेकरांनी १९९५ साली त्यावर काढलेला चित्रपट पाहिला असेल.

मी ते पुस्तक प्रथम वाचले १९८६ साली. तेव्हा मी बीड जिल्ह्यातील एका वाडीवर एकटाच शिक्षक होतो. त्या भागाची रीत आपणांस ठाऊक आहे. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. बैलगाडीत भांडीकुंडी, वर शेळी, आणि शेळीशेजारी माझे विद्यार्थी! पटावर एकतीस मुले आणि वर्गात अकरा, असे माझे पाच-सहा महिने जात. अशा दिवसांत, रात्री शाळेच्या खोलीत कंदिलापाशी बसून मी ‘बनगरवाडी’ वाचली आणि दोनशे पानी वहीत टिपणे केली. ती वही मी प्राणाप्रमाणे जपली. तीन बदल्या झाल्या, दोन घरे बदलली, पण वही हरवली नाही.

नातीने पुस्तकाचे नाव सांगताच मी ती वही तिच्या हाती दिली आणि म्हटले, ‘बाळ, तुझा निम्मा अभ्यास झाला असे समज.’ तिने मोबाईलवर वहीच्या पानांची छायाचित्रे घेतली आणि आठ दिवसांत सारी वही टंकित करून ‘बनगरवाडी’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली. त्याच फोल्डरमध्ये तिची स्वतःची टिपणे होती, वर्गातील व्याख्यानांची होती आणि इंटरनेटवरून उतरवून घेतलेले लेखही होते. ही सगळी एकाच अक्षरवळणात, एकाच पांढऱ्या पडद्यावर, एकाखाली एक. पहा बरे, माझी वही माझ्या हस्ताक्षरात होती. लेखकाचे पुस्तक छापील होते. कोणते कोणाचे, हे आंधळ्यालाही कळले असते. संगणकाच्या पडद्यावर मात्र सर्वांची अक्षरे सारखी होतात.

निबंधिका गेली आणि काही दिवसांनी परत आली. मार्गदर्शक बाईंनी एका वाक्याखाली रेघ ओढली होती आणि समासात विचारले होते, ‘पृष्ठ कोणते?’ वाक्य असे होते : ‘मास्तरांनी रानात अक्षरे पेरली आणि त्या अक्षरांतून गाव उगवले.’ माझ्या नातीने ते अवतरणचिन्हांत, माडगूळकरांच्या नावावर दिले होते. निबंधिकेचा शेवटचा भाग सगळा त्या एका वाक्यावर उभा होता.

तिने तिच्या प्रतीत शोधले, सापडले नाही. मला दूरध्वनी केला, ‘आबा, तुमच्या वहीत त्या वाक्याला पृष्ठांक नाही.’ मी काय उत्तर द्यावे? मी चिडून म्हणालो, ‘असेल कुठेतरी, नीट शोध. हल्लीच्या मुलांना पुस्तक उलटायचा कंटाळा.’ हे शब्द मी उच्चारले, हे मला या सभेत कबूल केले पाहिजे. तिकडे तिच्या प्रामाणिकपणाविषयी शंका निर्माण झाली होती. इंटरनेटवरून कोठून तरी बनावट वाक्य उचलले असावे, असा संशय होता, आणि खुलाशासाठी तिला आठच दिवस मिळाले होते. तिने बाईंपाशी माझे नाव घेतले नाही. ‘माझी चूक असेल, मी पुन्हा पाहते,’ एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी माझी जुनी प्रत काढली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, बोट ठेवून, एकेक ओळ वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. ते वाक्य पुस्तकात नाही. ते माडगूळकरांनी लिहिलेलेच नाही. ते मी लिहिले होते, १९८६ सालच्या हिवाळ्यात, रिकाम्या वर्गाशेजारी बसून, स्वतःचे समाधान करण्यासाठी! मास्तर नोकरीत टिकावा, त्याला धीर यावा, म्हणून मी ते माझ्या मनचे लिहिले आणि पुढे वर्षानुवर्षे वही चाळताना लेखकाचेच समजत गेलो. निरोपसमारंभांत, शिक्षकदिनाच्या भाषणांत मी ते वाक्य ‘माडगूळकर म्हणतात’ अशा प्रस्तावनेने कितीदा सांगितले असेल, त्याचा हिशेब नाही.

आणि मित्रहो, पुस्तक काय सांगते? वाडीत शाळा भरू लागते, हे खरे. कारभाऱ्याच्या पाठिंब्याने मास्तरांचा जम बसतो. लोक पत्रे लिहून घेण्यास, तंटे सांगण्यास त्यांच्याकडे येतात. गावकरी अंगमेहनतीने तालीम बांधतात आणि तिच्यासाठी राजेसाहेब वाडीवर येतात. परंतु पुढे पाऊस दगा देतो. मेंढरे मरू लागतात, माणसे जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते आणि मास्तरही तेथून निघतो. अक्षरांतून गाव उगवले, असे म्हणण्यास त्या पुस्तकात आधार नाही. चांगला मास्तर, चांगला कारभारी, चांगली माणसे, सगळे असूनही पाऊस नसेल तर शाळा रिकामी पडते, हे त्या पुस्तकाचे दुःख आहे. मी त्याच दुःखाच्या मध्यभागी बसलो होतो आणि तेच मी वाचले नाही! माझ्या एका गोड वाक्याने कादंबरीचा शेवटच झाकून टाकला होता.

मी त्याच रात्री नातीला दूरध्वनी करून सांगितले, ‘ते वाक्य माझे आहे. दोष माझा.’ ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘आबा, वाक्य चांगलं आहे. फक्त तुमचं आहे.’ या उत्तराने मी जितका शरमलो, तितका कोणत्याही रागाने शरमलो नसतो. मी मार्गदर्शक बाईंना पत्र लिहून सारी हकीकत कळविली आणि वहीतील त्या पानाचे छायाचित्र सोबत जोडले. त्यांनी खुलासा मान्य केला. निबंधिकेचा अर्धा भाग मात्र मुलीला पुन्हा लिहावा लागला. उशीर झाल्याबद्दल काही गुण कमी झाले ते झालेच.

असो. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तो सारा फोल्डर नव्याने लावला. ते काम करताना मी जे शिकलो, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. यांतील यांत्रिक भाग तिचा आहे आणि कटकटीचा भाग माझा.

पहिली गोष्ट, पुस्तकाची कुंडली. टिपणांच्या आरंभीच एक टिपण असे करावे, की ज्यात लेखकाचे नाव, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष आणि आपली प्रत कोणाची, एवढे लिहिलेले असेल. माझी प्रत जुनी आणि नातीची नवी. दोहोंचे पृष्ठांक जुळत नाहीत. आवृत्ती सांगितल्याशिवाय पृष्ठांक सांगणे म्हणजे गावाचे नाव न सांगता घराचा क्रमांक सांगणे आहे.

दुसरी आणि मुख्य गोष्ट, टिपणांच्या जाती. आम्ही चार ठरविल्या. लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले तर तो ‘उतारा’. त्याला अवतरणचिन्हे आणि पृष्ठांक हवाच. पृष्ठांक नाही तो उतारा नव्हे. लेखकाने सांगितलेले आपल्या शब्दांत संक्षेपाने मांडले तर ते ‘सार’. वाचून आपल्या मनात उठले ते ‘मत’. त्याखाली तारीख घालावी, कारण मत बदलते आणि ते कधीचे होते हे पुढे कळावे लागते. व्याख्यानातून, लेखातून, दुसऱ्याच्या वहीतून आले ते ‘बाहेरचे’. ते कोणाचे आणि कोठून आले, ते तेथेच लिहावे. माझी सबंध वही आता ‘बाहेरचे : आबांची वही, १९८६’ या शीर्षकाखाली आहे आणि तिची जागा तीच योग्य आहे.

ही जात टिपणाच्या शीर्षकातच, पहिल्या शब्दाने लिहावी. माझ्या नातीने पूर्वी रंग वापरले होते. लेखकाचे निळे, आपले हिरवे. दिसावयास सुंदर! परंतु मजकूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेला, की पुष्कळदा रंग मागे राहतो आणि काळी अक्षरे तेवढी पुढे जातात. तिच्या घोटाळ्याचे ते एक कारण होते. शब्द मात्र मजकुराबरोबर प्रवास करतो.

तिसरी गोष्ट, एका टिपणात एकच मुद्दा, आणि त्यावर खुणेच्या चिठ्ठ्या, ज्यांना हल्ली ‘टॅग’ म्हणतात. येथे मात्र यंत्राने मला खरोखर जिंकले. शेकूच्या घरची हकीकत घ्या. औताला दुसरा बैल मिळेना, तेव्हा त्याची बायको स्वतः जुवाखाली खांदा देते. हे टिपण मी वहीत कोठे लिहिणार? ‘शेती’च्या पानावर लिहिले तर ‘स्त्रिया’ या पानावर सापडत नाही. मोबाईलमध्ये ते टिपण एकदाच लिहिले आणि त्यावर ‘शेकू’, ‘शेती’, ‘स्त्रिया’, ‘दारिद्र्य’ अशा चार चिठ्ठ्या लावल्या, की चारही वाटांनी ते भेटते. आम्ही ‘शाळा’ आणि ‘पाऊस’ या दोन चिठ्ठ्यांची टिपणे पृष्ठानुक्रमाने एकाखाली एक लावली. शाळा भरत जाण्याच्या आणि रिकामी होण्याच्या जागा डोळ्यांसमोर ओळीने उभ्या राहिल्या. जे मला इतक्या वर्षांत दिसले नाही, ते त्या यादीने एका दुपारी दाखविले. टिपणे नीट लावणे हे कारकुनी काम आहे असे मी समजत होतो. ते वाचनच आहे, हे त्या दुपारी कळले.

चौथी गोष्ट, यंत्राच्या खोडी. मोबाईलवर मराठी टंकित करताना यंत्र आपल्याला शब्द सुचविते, आणि घाईत आपण ते स्वीकारतो. पात्र आपल्या बोलीत ‘व्हय’ म्हणते आणि टिपणात उमटते ‘होय’. अर्थ तोच, पण माणदेश गेला! उताऱ्यात बोली जशी असेल तशीच राहिली पाहिजे. पानाचे छायाचित्र घेऊन त्यातून अक्षरे काढण्याची सोय उत्तम आहे, परंतु जोडाक्षरांत आणि जुन्या छपाईत ती चुकते. म्हणून पुस्तक शेजारी ठेवून ताडून पहावे आणि ताडल्यावर ‘ताडले’ असे लिहावे. शोधताना ऱ्हस्वदीर्घाचे भान ठेवावे. एकदा ‘शेकू’ आणि एकदा ‘शेकु’ लिहिले, तर आपल्याला माणूस एकच असतो, यंत्राला ते दोन वाटू शकतात. टंकन युनिकोडमध्येच करावे. जुन्या निराळ्या टंकांत केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला तर अगम्य चिन्हांचा खच पडतो, हे आपल्या स्मरणिकेच्या संपादकांना मी सांगावयास नको.

पाचवी गोष्ट, प्रतींची. एक प्रत मोबाईलमध्ये, एक संगणकात किंवा पेन ड्राइव्हवर, आणि एक इंटरनेटवरील साठ्यात. मोबाईल पाण्यात पडतो, चोरीस जातो. तिन्ही एकदम जाणे कठीण.

शेवटची गोष्ट, हाव. वहीत लिहिताना हात दुखतो, म्हणून माणूस निवडून लिहितो. येथे बोटाच्या एका दाबाने सबंध लेख जमा होतो. नातीची टिपणे पुस्तकाहून जाड झाली होती आणि पुस्तक दुसऱ्यांदा वाचून व्हावयाचे होते. आता तिने नियम केला आहे, की रोज अभ्यास संपविताना सारे मिटून, काही न पाहता, ‘आज काय समजले’ हे पाच ओळींत स्वतः लिहावयाचे. जे पाच ओळींत लिहिता येत नाही, ते जमले आहे पण समजलेले नाही.

कोणी म्हणेल, एवढी काटेकोर शिस्त हे पाश्चात्त्यांचे वेड आहे. तसे नाही. आपल्या भाषेतील आद्य गद्यग्रंथ म्हणून मान पावलेले ‘लीळाचरित्र’ पहा. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. तो करताना सांगणाऱ्यांच्या कथनांत जेथे भेद आढळला, तेथे तो पुसून न टाकता ‘वासना’ म्हणून निराळा नोंदविला आणि कोणाचा तेही सांगितले. कोणाचे शब्द कोणते, ही चाड आपल्या मराठीला जन्मापासूनची आहे. आम्हीच ती मध्यंतरी सोडली.

हल्ली संगणकाला कादंबरीचे सार विचारले तर तो क्षणात देतो, आणि कित्येकदा पुस्तकात नसलेली वाक्येही लेखकाच्या नावावर ठोकून देतो, अशी तक्रार ऐकू येते. तक्रार खरी आहे. परंतु आमच्या घरच्या प्रकरणात ते यंत्र नव्हते, आजोबा होते! खोटे अवतरण जन्मास येण्यास कपट लागतेच असे नाही. पृष्ठांक न लिहिण्याचा आळस आणि आपल्या आवडीचे ऐकण्याची इच्छा, एवढे दोन पुरेत.

म्हणून मंडळास माझी नम्र विनंती आहे. आपण दरवर्षी निबंधस्पर्धा घेतो. पुढील वर्षापासून निबंधासोबत त्याची टिपणेही मागवावीत. वहीतील असोत वा मोबाईलमधील, त्यांत उतारे कोणते आणि मते कोणती हे स्पष्ट दिसावे, आणि त्या टिपणांना स्वतंत्र गुण असावेत. आपल्या स्मरणिकेत ज्ञातीच्या पूर्वजांविषयी जे लेख येतात, त्यांतही ‘असे म्हणतात’ याऐवजी ‘अमुक वर्षी अमुक आजींनी सांगितले’ असे लिहिण्याची सवय आपण वडीलधाऱ्यांनी लावून घ्यावी. मुले आमच्या शब्दावर विश्वास ठेवतात. तो विश्वास फार मोठा आहे, आणि म्हणूनच तो तपासता येईल अशा रूपाने त्यांच्या हाती दिला पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील जुन्या वह्या जरूर मागून घ्या. आम्हांला त्यात आनंद आहे. पण त्या घेताना ‘पृष्ठ कोणते?’ हा प्रश्न न भिता विचारा, आणि आम्ही चिडलो तर पुन्हा विचारा.

माझी जुनी वही आता नातीच्या कपाटात आहे. त्या वाक्याशेजारी समासात मी माझ्या हाताने ‘मत’ असे लिहिले आहे आणि खाली माझी सही केली आहे. तारीख मात्र गेल्या वर्षीची घालावी लागली.